खाऊचा दिवस

पेशींच्या खोलीच्या दारावर डॉक्टरबाईंनी एक कागद लावला होता, आणि तो वाचता वाचता तिचा हातमोजा अर्ध्या पंजावरच राहिला. अभ्यास आवरता घेण्याआधी सगळ्या बेचाळीस नमुन्यांची एक साधी तपासणी व्हायची होती. कुठला नमुना बाईचा आणि कुठला पुरुषाचा, एवढंच पाहायचं. वर्षभराच्या घाईगर्दीत कुठे बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तर ती आत्ताच कळावी. खाली बाईंची सही आणि शनिवारची तारीख. कागदात घाबरण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या कुणी तो वाचून जांभई दिली असती. तिने मात्र तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. आज बुधवार. ती आत गेली, मोजा पूर्ण चढवला, इन्क्युबेटरचं जड दार उघडलं, आणि कोमट, दमट हवा तोंडावर आली तेव्हा सवयीने, ओठ न हलवता म्हणाली, "काय दादा, झाली का झोप?" एकतीस नंबरची बाटली आपल्या पोटातला गुलाबी द्रव सांभाळत आडवी पडली होती. दादाला जाऊन अकरा महिने झाले होते, आणि दर तिसऱ्या दिवशी ती त्याला खाऊ घालत होती.

खाऊ हा तिचाच शब्द. बाकीचे सरळ मीडियम म्हणत. जुनं काढायचं, कोमट केलेलं नवं घालायचं, पेशी दाटल्या की त्यांची दोन बाटल्यांत वाटणी करायची, थकल्या की थंड टाकीतल्या राखीव कुप्या काढून पुन्हा जाग्या करायच्या. एकोणीस वर्षं ती हेच काम करत होती. या अभ्यासात अर्धे नमुने स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसांच्या कातडीचे होते आणि अर्धे धडधाकट माणसांच्या. दंडाच्या आतल्या बाजूने टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडा मोठा गोल तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या, आणि मग सपाट डबीत सोडून त्यांना चाळीस मिनिटं द्यायची. तेवढ्या वेळात त्या डबीचा तळ धरतात. मग खारट पाण्याने तीनदा धुवायचं आणि किती उरल्या ते मोजायचं. आजार मनाचा, तर त्याची खूण कातडीत कशी सापडणार, असं आईने एकदा विचारलं होतं. बाईंचा प्रश्नही साधारण तोच होता, फक्त उलट्या टोकाकडून. आजार असलेल्या माणसाच्या पेशी तळ धरायला उशीर लावतात का, लवकर सुटतात का, हे त्यांना पाहायचं होतं. सगळी मेख होती ती धुण्यात. हात जड पडला तर चांगल्या घट्ट पेशीही वाहून जातात, हलका पडला तर ढिल्याही राहतात. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला तंत्रज्ञ माणूस भला, पण तो धुवायला बसला की डबीत पूर यायचा. तिचा हात मात्र पहिल्या डबीला जसा, तसाच चाळिसाव्या डबीला. बाई पाहुण्यांना सांगायच्या, "धुण्याचं यंत्र मागवणार होते मी. हिचा हात पाहिला आणि विचार सोडला." हे ऐकलं की ती मान खाली घालायची. पण ऐकायला तिला आवडायचं, खोटं कशाला बोला.

आजारी माणसं कातडी द्यायला पटकन तयार व्हायची. धडधाकटांकडे मात्र हजार सबबी. बाई एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "सख्खी भावंडं मिळाली तर सोन्याहून पिवळं." तिने घरी दादाला विचारलं. तो म्हणाला, "तू देशील तर मी देतो." शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून दोघांनी बाह्या वर केल्या. दादाने आपल्या दंडाकडे पाहिलंच नाही, तिच्याच दंडाकडे पाहत राहिला आणि बाईंना म्हणाला, "आम्हाला एका बाटलीत ठेवू नका हं. भांडतो आम्ही." बाई हसल्या. नंतर त्यांनी स्वतः नंबर घातले, कुठला नंबर कुणाचा ते पाकिटात बंद केलं, कपाटाला कुलूप लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त बाटल्यांवरची तारीख झाकायची राहून गेली. त्या तारखेला नमुने आले होते दोनच. म्हणजे एकतीस आणि बत्तीस ही दोघं भावंडं, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. तिने तेव्हाच बाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. यातला कोण कुठला हे कळायला तर तिला एक दुपार पुरली असती, बाई आणि पुरुष ओळखणं काही कठीण नसतं. तेही तिने केलं नाही, कारण गरजच वाटली नाही. सरावाच्या धुण्यात बत्तीसच्या पेशी जागच्या हलल्या नाहीत आणि एकतीसच्या भसाभस सुटून आल्या. मायक्रोस्कोपखाली डबीचा तळ ठिकठिकाणी उघडा पडलेला दिसला. हा दादा, ती मनात म्हणाली. दुसरा कोण असणार?

कारण दादाचं सगळं सुटतच आलं होतं. तो नकाशे काढायचा, मोजणीच्या कचेरीत, आणि त्याच्याइतकी बारीक रेघ तिथे कुणाची नव्हती. एके सकाळी त्याने साहेबांना सांगितलं की रेघा कागदावर टिकत नाहीत, उचलल्या जातात. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशीही हसले. तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही आणि साहेबांनी घरी फोन केला. पुढे घरातल्या वस्तूही सुटायला लागल्या. कपाट भिंतीपासून, नळ पाण्यापासून, आवाज माणसापासून. रिकाम्या खोलीत आवाज यायचे, कारण ते कुणाच्या तरी तोंडापासून सुटून आलेले असायचे; हे तो इतक्या शांतपणे समजावून सांगायचा की ऐकणाऱ्याला क्षणभर पटायचं. मग त्याने पांढऱ्या चिकटपट्टीचं एक मोठं रीळ आणलं आणि नकाशावरच्या त्याच सुबक अक्षरात पट्ट्या लिहून घरभर लावल्या. दार. भिंत. खिडकी. वस्तूंना आपलं नाव आठवत राहिलं की त्या जागेवर राहतात, असा हिशेब. आईच्या बाहीवर त्याने 'आई' अशी पट्टी लावली. आई ती तशीच ठेवून दुकानात गेली, टपालकचेरीत गेली, दिवसभर गावभर फिरून आली. लोक पाहायचे. आई म्हणाली, "खोटं थोडंच लिहिलंय?" आणि बहिणीच्या बाहीवर त्याने लिहिलं 'गोचीड'. लहानपणापासून तो तिला गोचीड म्हणायचा. ती तीन वर्षांची होईपर्यंत त्याच्या पाठीवरून उतरतच नसे. खेळायला जाताना, अभ्यासाला बसताना, मानेभोवती हात घट्ट. उतरवायला गेलं की किंचाळायची. "हिला रॉकेल लावल्याशिवाय सुटायची नाही," तो आईला म्हणायचा, आणि म्हणता म्हणता तिला पाठीवर आणखी वर सरकवून घ्यायचा.

सुटायची नाही. आणि सुटली ती कशी? वॉर्डाच्या दारात. पाच रात्री दादा झोपला नव्हता, म्हणून त्याला दाखल करायचं ठरलं होतं. कागद झाले, पिशवी आत गेली, आणि आत पाऊल टाकताना त्याने तिचा हात धरला, कातडी काढलेल्या त्या गोल व्रणाच्या जरा खाली. "गोचीड, नको." एवढंच. ओरडला नाही, झटापट केली नाही, नुसता धरला. तिने त्याची बोटं सोडवली. कुणाची मूठ सोडवायची तर आधी अंगठा सोडवायचा असतो, मग बाकीची बोटं आपोआप ढिली पडतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हाताला माहीत होतं. "उद्या येते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी खाऊचा दिवस होता. पेशी ताटकळत नाहीत, मरतात. दादाजवळ डॉक्टर होते, नर्स होत्या. ती तिसऱ्या दिवशी गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि वळला नाही. मग ताप आला, छातीत उतरला, आणि आठवडा संपायच्या आत दादा संपला. कुणी तिला बोल लावला नाही. आईने तर विचारलंही नाही की तू मधल्या दिवशी का गेली नाहीस. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

खरी धुणी त्यानंतर झाली. तीन फेऱ्या, महिनाभराच्या अंतराने. पहिल्या फेरीला एकतीसची डबी समोर आली आणि तिचा हात आपोआप हलका झाला. पाणी तिने डबीच्या कडेवरून सोडलं, थेंब थेंब, झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. राहा रे, ती म्हणत होती, धर, सोडू नकोस. आणि बत्तीसला, म्हणजे स्वतःला, तिने नेहमीच्या हाताने धुतलं. नेहमीच्या कशाला, जरा जोरातच. चारचौघांत आपल्या पोराला दोन धपाटे जास्त घालतात ना, तसं. दुसऱ्या फेरीला हे आपोआप झालं नाही, तिने केलं. तिसऱ्या फेरीला तर ती आदल्या दिवसापासून वाट पाहत होती. आकडे तक्त्यात गेले, तिने ताकास तूर लागू दिली नाही, आणि बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "एकतीस आणि बत्तीसमध्ये काही फरकच दिसत नाही गं. आकडे पाहून तर काहीच कळत नाही." ती म्हणाली, "असेल बाई." मनातून तिला केवढा आनंद झाला होता. दादा टिकला होता. बेचाळिसांच्या रांगेत ताठ उभा राहिला होता, कुणाला ओळखू येत नव्हता. त्या दिवशी तिने एकतीसला सगळं सांगितलं. आईचे गुडघे, कचेरीतला नवा साहेब, घरातल्या पट्ट्या अजून तशाच आहेत हे. इन्क्युबेटरचा पंखा घुंघुं करायचा आणि त्या घुंघुंत तिला कधी कधी कुणीतरी गोचीड म्हणाल्यासारखं वाटायचं. ती वळून पाहायची नाही. वळून पाहिलं की दादा जिथून पुढे गेला तिथूनच आपणही जाऊ, असं तिला वाटायचं.

गुरुवार आणि शुक्रवार तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. चोराच्या मनात चांदणं. एकतीस पुरुष निघेल, बत्तीस बाई निघेल, तपासणी संपेल, यात भ्यायचं काय, असं ती स्वतःला बजावत होती. पण रस्ता ओलांडताना पावलं जमिनीला लागत नाहीत असं वाटलं आणि तिने दिव्याचा खांब धरला. खांब गार होता, खांबासारखाच होता. घरी आल्यावर ती नळाजवळ उभी राहून 'नळ' या पट्टीची सुटलेली कड अंगठ्याने दाबत राहिली. आई मागून म्हणाली, "राहू दे. मी रोज दाबते, रोज सुटते." आई अशीच, जे सांगायचं ते सांगून मोकळी. तिला एकदम वाटलं, आईला सांगावं, आई, तो आहे, माझ्या कामावर आहे, मी त्याला जेवू घालते. मग आईच्या तोंडावर काय येईल ते तिला दिसलं. एक मूल तसं गेलं, आता दुसरं. तिने पट्टीची कड पुन्हा एकदा दाबली. अंथरुणावर पडल्यावर तिने दुसऱ्या हाताची बोटं दंडाभोवती गुंडाळली, तो व्रण बोटाखाली आला, आणि तिला जे दोन दिवस समोर येऊ द्यायचं नव्हतं ते समोर आलं. एकतीस तो नसला तर?

शनिवारी सकाळी चष्मेवाला एका हातात चहा आणि एका हातात यादी घेऊन आला आणि वर्गातली हजेरी घ्यावी तशी यादी वाचायला लागला. "एकोणतीस, बाई. तीस, पुरुष. एकतीस, बाई. बत्तीस, पुरुष. तेहतीस..." पुढचं तिला ऐकू आलं नाही. चष्मेवाला शेवटी म्हणाला, "सगळं जुळलं ताई, एकही घोळ नाही. तुमच्या हाताखालून कुठे घोळ व्हायचाय!" ती हो म्हणाली. मग उठली आणि इन्क्युबेटरचं दार उघडून उभी राहिली. बत्तीस मागच्या फळीवर होती, कोपऱ्यात. अकरा महिन्यांत त्या बाटलीशी ती एक शब्द बोलली नव्हती. खाऊ घातला होता, पण सगळ्यांत शेवटी, उरकून टाकल्यासारखा. आपलं आपल्याला काय, असं म्हणून. आणि तिनेच जड हाताने, तीन महिने, तीन तीन वेळा त्याच्यावर पाणी मारलं होतं. तक्ता भिंतीवरच होता. तिने पांघरूण घालून, गोंजारून एकतीसमध्ये शंभरातल्या चौसष्ट उरल्या होत्या. त्या माऱ्याखाली बत्तीसमध्ये अडुसष्ट. त्याने धरून ठेवलं होतं. प्रत्येक वेळी तिने सोडवायला पाहिलं आणि प्रत्येक वेळी त्याने धरून ठेवलं. दादाच्या बोटांचा जोर तिला दंडावर कळला, व्रणाच्या जरा खाली, आणि यावेळी तिने हात काढून घेतला नाही.

बाईंना तिने सगळं सांगितलं. तारखेचं, हाताचं, तिन्ही फेऱ्यांचं. बाई आधी ऐकत होत्या, मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वर्षभर मी लोकांना तुझ्या हाताची खात्री देत होते."

"हो बाई."

"तुझ्या मनात आत्ता काय चाललंय ते मला दिसतंय. तो विचार काढून टाक. एका डबीवरून माणूस ओळखता येत नाही. दहा डब्यांवरूनही नाही. एकवीस इकडचे, एकवीस तिकडचे, त्यांच्या सरासरीत जरासा फरक पडला तर पडला. बास. तुझ्या पेशी सुटल्या म्हणून तू आजारी नाहीस, आणि त्याच्या टिकल्या म्हणून तो बरा नव्हता."

"ते मला कळतं बाई."

"मग रडतेस कशाला?"

"मी दुसऱ्याच कुणाशी बोलत होते," ती म्हणाली.  बाईंनी चष्मा पुसला आणि चढवला. जोडी अभ्यासातून बाद करावी लागेल, त्या म्हणाल्या, आणि तिच्या हातचे बाकीचे नमुनेही चष्मेवाल्याकडून पुन्हा धुवून घ्यावे लागतील. बाद झालेलं ठेवता येत नाही, तसा नियमच आहे. "सोमवारी दोन्ही बाटल्या संपव. टाकीतल्या कुप्याही. तुला जमणार नसेल तर मी त्याला सांगते."

"मीच करीन," ती म्हणाली.

घरी आई खिडकीशी बसून उसवलेली उशी शिवत होती. ती समोर जमिनीवर बसली आणि कुठून सुरू करावं ते न कळून तिने शेवटापासूनच सुरुवात केली. "आई, त्या दिवशी दारात त्याने मला धरलं होतं. मी सोडवलं. अंगठा आधी सोडवला मी त्याचा." आईची सुई थांबली. मग बाकीचं बाहेर आलं, बाटल्या, खाऊ, एकतीस, बत्तीस, सोमवार. आईला किती समजलं कोण जाणे. 

"अकरा महिने," आई म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला वाटलं असतं, मी पण आता..."

"मला काय वाटायचं ते वाटलं असतं." आईने दोरा दाताने तोडला. "शाळेच्या पहिल्या दिवशी त्याने माझा पदर धरला होता. मी पण आधी अंगठाच सोडवला. कुणाला तरी सोडवावाच लागतो." आणि जरा वेळाने, "उद्या रविवार ना? तुझ्याकडे बंद असतं?"

"किल्ली आहे माझ्याकडे."

रविवारी इमारतीत पहारेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं. आईने पांढरा कोट घातला तो तिच्या घोट्यांपर्यंत आला. इन्क्युबेटरचं दार उघडल्यावर कोमट हवा तोंडावर आली तशी आई म्हणाली, "ऊब आहे बाई. बरं आहे." लेकीने मागच्या फळीवरून बत्तीसची बाटली काढली, दोन्ही हातांनी, आणि मायक्रोस्कोपखाली आडवी ठेवली. आईला पहिल्यांदा काही दिसेना. उघडा ठेवायचा तो डोळा ती मिटत होती. मग दिसलं. लांबट, निमुळत्या, एकमेकींना टेकून एकाच दिशेने पसरलेल्या पेशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"यातला तो कुठला?"

"सगळाच."

आई पाहत राहिली. खोलीत पंखा घुंघुं करत होता, पंख्यासारखाच.

"किती वाळलाय गं," आई म्हणाली. "खाल्लंय का याने?"

"काल घातलंय. आता मंगळवारी..." ती थांबली. मंगळवार नव्हता.

"मग आज घाल."

खाऊचा दिवस नव्हता. तिने मीडियमची बाटली कोमट पाण्यात ठेवली, आणि ती कोमट होईपर्यंत दोघी बत्तीसजवळ बसून राहिल्या.